कस्तुराचा पापुद्रा

माझी मोठी जाऊ कस्तुरा रागावली की भांडत नाही. भांडी आपटत नाही, अबोला धरत नाही. उलट जास्त गोड बोलायला लागते. या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली, तेवढ्यात मी एवढं एक नीट शिकले, की ताई गोड बोलायला लागली म्हणजे कुणाचं तरी काही खरं नाही. त्या हिशेबानं वाकडच्या प्रितमशेठची मला आधीच कीव यायला हवी होती. नाही आली. आजही येत नाही.

आम्ही मूळचे जळगावकडचे. दोघे भाऊ चाकणला कंपनीत लागले, तसं आम्ही चऱ्होलीत घर केलं. ताई माहेराहून मांडे शिकून आलेली. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर असा फिरवायची की बघता बघता तो मनगटाखाली लोंबायचा आणि त्याच्या आडून तिच्या बांगड्यांचा हिरवा रंग दिसायचा. चार वर्षांपूर्वी पिंपळे सौदागरला एका लग्नात प्रितमनं ते पाहिलं. त्यानं वाकडला नुकतंच ग्रीक जेवणाचं हॉटेल काढलं होतं. पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे आणि वाचताना जीभ अडखळेल असा मेन्यू. त्या लोकांत पालक आणि खारं चीज भरून एक पदार्थ भाजतात, स्पानाकोपिता म्हणतात त्याला. त्याला खालीवर कागदासारखे पातळ पापुद्रे लागतात, एकावर एक दहा-बारा, मध्ये तेलाचा हात. सगळीकडे ते गोठवलेले, पाकिटातले वापरतात. हातानं ताणणारं माणूस त्याला कुठे मिळेना. लग्नाच्या मांडवात आयतं मिळालं.

तेव्हापासून ताई सकाळच्या बसनं वाकडला जायला लागली. मांड्यांचं पीठ आणि या पापुद्र्यांचं पीठ तिनं एकच ठेवलं, आणि ते ती घरून डब्यात न्यायची. हॉटेल चालायला लागलं. लोक लांबून त्या स्पानाकोपितासाठी यायचे. प्रितम सुती एप्रन बांधून टेबलाटेबलावर हिंडायचा आणि सांगायचा, ही कला मी क्रीट बेटावर एका म्हाताऱ्या उस्तादाकडून शिकलो, रोज पहाटे स्वतःच्या हातानं पापुद्रे ताणतो. क्रीट कुठलं आलंय! लोणावळ्याच्या पुढे गेलाय की नाही देव जाणे. ताईला हे ठाऊक होतं. ती म्हणायची, सांगू दे बापडा, धंदा आहे त्याचा. तिला राग त्याचा नव्हता.

तिला एकच हौस होती. त्या निळ्या खुर्चीवर बसून, चिनी मातीच्या बशीत, काट्या-सुरीनं आपण केलेला तो पदार्थ खायचा. चार वर्षांत तिनं हजारो ताटं भरली, पण चाखला तो उभ्यानं, कडेचा मोडलेला तुकडा. लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा सगळ्यांना घेऊन तिथे जेवायला जाणार, हे तिनं वर्षभर आधी ठरवलं होतं. रोज रात्री सासूबाईंना काटा कसा धरायचा ते शिकवायची. सासूबाई म्हणायच्या, माझ्या बोटात काही बसत नाही गं हे, पण शिकल्या बिचाऱ्या.

गेल्या फेब्रुवारीत तो दिवस आला. ताईची मुलगी साक्षी हिनं फोन करून टेबल धरलं. ताईनं पैठणी नेसली, सासूबाईंनी मोहनमाळ घातली, माझे मोठे दीर गोरक्षभाऊजी तर इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून रिक्षात पाठ न टेकता बसले. आम्ही आठ जण खिडकीशी बसलो. मेन्यू हातात आला, आणि तेवढ्यात प्रितम आला.

तो चिडला नाही, हेच जास्त लागलं. हसत हसत म्हणाला, "मावशी, तुम्ही घरचं माणूस. घरच्यांनी बाहेर गिऱ्हाइकांत बसायचं नसतं. मागे भांडी धुतात तिथे मोकळी जागा आहे, खुर्च्या टाकतो, तिकडे वाढायला सांगतो." शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघत होती. ताईला कुणी काही विचारलं आणि तिच्या तोंडून खरं निघालं, तर क्रीटच्या उस्तादाची थाप उघडी पडेल, ही त्याची खरी भीती. पण सासूबाईंना ते काय कळणार. त्यांना एवढंच कळलं की सुनेला तिच्या सासरच्या माणसांसमोर खुर्चीवरून उठवलं. त्या काटा खाली ठेवून आधी उभ्या राहिल्या.

आम्ही मागे बसलो नाही. निघालो. रस्त्यात एका खानावळीत शेवभाजी खाल्ली. मी रडले. ताई रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या बसनं कामाला गेली आणि प्रितमशी फार गोड बोलली. तेव्हाच मी मनात म्हटलं, मेला आता.

महिनाभर ती गोडच होती. प्रितम म्हणाला, मावशी, तुम्ही आजारीबिजारी पडलात तर माझी पंचाईत, मला शिकवा. तिनं शिकवलं. त्यानं मोबाईलवर सगळं शूट केलं. पाणी किती, मीठ किती, कणीक किती वेळ आपटायची, मनगट कसं वळवायचं. तिच्या कणकेवर त्याला जमायलाही लागलं. पीठ कुठल्या गिरणीतलं विचारलं, तिनं गिरणीवाल्याचं नाव पत्त्यासकट सांगितलं. खोटं एक अक्षर बोलली नाही ती. मार्चअखेर त्यानं सांगितलं, मावशी, आता मला येतंय, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल. ती बरं म्हणाली, आठवडाभर पुरेल एवढं आपलं पीठ तिथेच ठेवलं आणि रिकामा डबा घेऊन घरी आली.

आता ऐका, त्या शहाण्यानं काय विचारलं नाही ते. मांड्यांचं काम गिरणीच्या आधी सुरू होतं. गहू धुवायचे, ओलसरच फडक्यात बांधून रात्रभर ठेवायचे, मग दळायचे. दळलं की ते पीठ पातळ सुती कापडातून गाळायचं, हलक्या हातानं, तासन् तास. आमच्याकडे पोरीसुद्धा हे जाणतात. हे सगळं व्हायचं चऱ्होलीत, आमच्या ओट्यावर. गिरणीवाल्यानं प्रितमला दिलं ते सगळ्यांना देतो ते चपातीचं पीठ, आणि ताईचं ठेवलेलं संपेपर्यंत त्यानं ते उघडलंच नाही.

एप्रिल लागताच त्यानं जाहिरात केली, रविवारी दुपारी शेफ प्रितम सगळ्यांसमोर पापुद्रे ताणणार. चाकणच्या एका कंपनीत ग्रीसचा कुणी इंजिनिअर होता, तो आपल्या आईला घेऊन येणार होता. साक्षीनं मैत्रिणीच्या नावानं आठ जणांचं टेबल धरलं. शनिवारी रात्री ताई पीठ गाळत बसली, तेव्हा मी विचारलं, हे कशाला. म्हणाली, "लागेल."

आम्ही पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. नव्या वेटरनं आम्हाला मधल्या टेबलावर बसवलं. प्रितमनं पाहिलं, पण चाळीस मोबाईल त्याच्याकडे रोखलेले, बोलणार काय. त्यानं गोळा हातावर घेतला, क्रीटच्या उस्तादाचं नाव घेतलं आणि फिरवला. फाटला. दुसरा घेतला. त्याला तर ताटलीएवढा होण्याआधीच मधोमध भोक पडलं. पाचव्याला लोक हसले. त्या इंजिनिअरनं साधेपणानं विचारलं, तुम्ही क्रीटच्या कुठल्या गावात शिकलात. प्रितमच्या कानामागून घाम ओघळत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, तोंड पदरात लपवावं लागलं.

मग तो आमच्या टेबलाशी आला. वाकून, हळूच म्हणाला, मावशी, लाज राखा, पाच मिनिटं आत या.

"आत कशाला?" ताई मोठ्यांदा म्हणाली. "इथेच करते की."

तिनं पिशवीतून डबा काढला. कणीक घरूनच भिजवून, तिंबून आणलेली. पदर खोचला, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि गोळा हातावर घेतला. पहिल्या फेऱ्यात तो परातीएवढा झाला, मग तिच्या कोपरांखाली उतरला. इंजिनिअरची आई उठून जवळ आली आणि पापुद्र्याखाली स्वतःचा हात धरून बघू लागली. तिच्या हातावरच्या शिरा त्यातून दिसत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रितमचा जीव भांड्यात पडला, तोही टाळ्या वाजवायला लागला, निर्लज्ज.

"याला मांडा म्हणतात," ताई म्हणाली. "मला माझ्या आईनं शिकवला. या हॉटेलात चार वर्षं सगळे पापुद्रे मी केले. माझं नाव कस्तुरा. यांनी मला इथल्या खुर्चीवरून उठवलं होतं."

आणि तिनं तो अख्खा पापुद्रा दोन्ही मुठींत गोळा केला, चुरगळला आणि तो लगदा प्रितमच्या हातात ठेवला. "घ्या, आता तुम्ही ताणा," एवढं म्हणून डब्याचं झाकण लावलं.

आम्ही निघालो तेव्हा लोक त्याला प्रश्न विचारत होते आणि तो लगदा कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. आठवड्याभरात स्पानाकोपिता मेन्यूतून गेला म्हणे. रिक्षात मी तर हसून हसून बेजार झाले. सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. भाऊजी पहिल्यांदाच सीटला पाठ टेकून बसले.

ताई तेवढी डबा मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. नाशिक फाट्याशी सिग्नलला थांबलो तेव्हा बघते तर डोळ्यांतून पाणी चाललेलं. मी घाबरले. विचारलं, वाईट वाटतंय का त्याचं.

"त्याचं? छट्," ती म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा चुरगळीन. पण शकू, मला तिथे बसून जेवायचं होतं गं. आता ते करून घालणारं तिथे कुणी नाही."