फिल्टरवरचा लाल ठिपका

आमच्या ह्यांना जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस येते. दुसऱ्याच्या कंगव्याची, साबणाला चिकटलेल्या केसाची, हॉटेलातल्या ग्लासच्या कडेची. लग्नानंतर आठवड्याभरातच माझी नेलपॉलिशची लाल बाटली गायब झाली. शोधते तर ह्यांच्या टॉवेलच्या कोपऱ्यावर, ब्रशच्या दांड्यावर, कपाच्या बुडाला एकेक लाल ठिपका. "म्हणजे अदलाबदल नको," म्हणाले. बावीस वर्षं झाली, माझी नखं कोरडीच आहेत आणि बाटल्या मात्र वर्षाला दोन संपतात.

त्या कपातून ह्यांच्याशिवाय एकच माणूस चहा पिऊ शकायचा, तो म्हणजे माझा धाकटा दीर. सासूबाई लवकर गेल्या. ह्यांनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याचा शेंबूड पुसला. "त्याची कसली किळस?" म्हणायचे. मी मेली बायको, तर मला वेगळा कप!

हे शाळेची बस चालवतात. दिराचं गॅरेज आहे. बसमालकाच्या चारही गाड्यांचं काम त्याला मिळालं ते ह्यांच्या शब्दावर.

यंदा ह्यांची बस रुसायला लागली. शाळेच्या अलीकडे मोठा चढ आहे. रिकामी असली की बस तो गुमान चढायची. सकाळी पोरांनी भरली की मध्यावर जीव सोडायची. पाय तळाला टेकला तरी पिकअप नाही, चार आचके आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. हे घरी येऊन मला समजावायचे, "हे बघ, सुरू लगेच होते, जागेवर आवाज साफ आहे, धूरही काळा नाही. ओझं आलं की मात्र डिझेल पुरत नाही. थांबलो की फिल्टरमधली घाण जरा खाली बसते, वाट मोकळी होते. फिल्टर चोक झालाय, दुसरं काही नाही." मला आता झोपेतसुद्धा गाडीचं दुखणं ओळखता येईल.

दीर म्हणाला, "दादा, फिल्टर मी महिन्यापूर्वीच नवा घातलाय. तुझंच चुकतंय. चढावर क्लच दाबून ठेवतोस तू." आणि हेच त्याने मालकाच्या कानावर घातलं. मालक चार ड्रायव्हरांसमोर हसले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सव्वीस वर्षं गाडीला ओरखडा न काढलेला माणूस त्या रात्री जेवला नाही.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा बस हातभर मागे घसरली. ब्रेक लागला, पण पोरं किंचाळली. मालकांचा निरोप आला, सोमवारी किल्ली आणून द्या.

रविवारी दुपारी बसमधल्या ह्यांच्या वस्तू आणायला आम्ही दोघं गेलो. आरसा, पाण्याची बाटली, पाने-पकडी, सगळ्यांवर लाल ठिपके. मी पिशवी भरत होते, तर हे इंजिनाशी वाकलेले. फिल्टरचा डबा फिरवून काढला. करडा, चकचकीत, अगदी नवा. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग उलटा करून बुडावरून बोट फिरवलं आणि एका जागी नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला. खाली लाल ठिपका.

"अगं, हा माझाच. गेल्या वर्षी बसवला त्याच दिवशी लावला होता."

छिन्नीने डबा फोडला. आतल्या कागदाच्या घड्या काळ्या, बुळबुळीत, एकमेकींना चिकटलेल्या. असा कुबट वास सुटला की मी पदर नाकाला लावून मागे सरले. साबणावरचा केस पाहून ओकारी काढणाऱ्या माणसाने त्यात दोन बोटं घातली आणि चोळून पाहिली.

"अहो, किळस नाही येत?"

"ह्याची कसली? घाण अडवायलाच बसवतात तो. रंग लावणाऱ्याची येते."

मी म्हटलं, "आपलेच दात, आपलेच ओठ. गुपचूप नवा घाला, मालकांना चालवून दाखवा. भावाचं काम तरी राहील." हे बोलताना माझीच मला शिसारी आली, तरी बोलले.

"गुपचूप घातला तर उरलेल्या तीन बसमधल्या पोरांचं काय?" हे म्हणाले.

सोमवारी किल्लीबरोबर तो फोडलेला डबा मालकांच्या टेबलावर गेला. बाकीच्या तिन्ही गाड्यांचे फिल्टरही जुनेच, वरून रंगवलेले निघाले; बिलं मात्र नव्यांची. ह्यांची किल्ली परत मिळाली. दिराचं काम त्याच दिवशी सुटलं.

संध्याकाळी तो घरी आला. वाटलं, पाया पडेल. कसलं काय! "सगळेच करतात, दादा. आधी माझ्याशी बोलायचंस. घरातलं चव्हाट्यावर नेलंस." चोराच्या उलट्या बोंबा. बोलता बोलता त्याने सवयीने फळीवरचा ह्यांचा कप उचलला आणि माझ्यापुढे धरला, "वहिनी, चहा टाका."

मी कप घेतला नाही. बस मागे घसरली तेव्हा तिच्यात चाळीस पोरं होती, आणि ह्याला चहा हवा होता.

ह्यांनी कप त्याच्या हातातून घेतला. वाटलं, परत फळीवर ठेवतील. त्यांनी तो उलटा केला आणि नखाने ठिपका खरवडायला लागले. बावीस वर्षांचे थर होते, वेळ लागला. शेवटचा लाल कण निघाल्यावर त्यांनी कप पुन्हा त्याच्या हातात दिला.

"घे," म्हणाले. "आता हा कुणाचाही आहे."