वडिलांनी न बोलता केलेला सौदा

नातीनं परवा मला एक सिनेमा दाखवला. त्यातला बाप महिनाभर उधळलेला असायचा आणि पुढचा महिनाभर अंथरूण सोडायचा नाही. नात रडत होती. मला वडील आठवून हसू आलं, म्हणून ती चिडली. या आजाराला बायपोलर म्हणतात म्हणे. निजामाच्या राज्यात आमच्याकडं त्याला नाव नव्हतं. वडील 'उठलेत' नाहीतर 'पडलेत', एवढंच आम्ही म्हणायचो.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. वडील उठलेले होते. दोन्ही बैल घेऊन ते नळदुर्गच्या बाजाराला गेले आणि बैलांच्या बदल्यात घेतलेल्या घोड्यावर बसून परत आले. अंगणातूनच ओरडले, "अगं, ओवाळ मला! मी घोडदळात जानार!"

"आन् पेरणी कोन करनार? घोडदळ?" आई म्हणाली.

आठवड्यात वडील पडले. भिंतीकडं तोंड करून निजले. पेरणी तोंडावर आलेली. आईनं घोडं औताला जुंपून पाहिलं, तर ते औतासकट ओढ्यात जाऊन उभं राहिलं. मग ती एकटीच बाजारात जाऊन आली. बैल अजून व्यापाऱ्याकडंच होते, पण तो म्हणाला, "बाईमानसाशी सौदा न्हाय. मालकाला आना."

त्याचंही बरोबर होतं. सौदा तोंडानं होत नसे. दोघं उपरण्याखाली हातात हात घेत आणि बोटं दाबून भाव सांगत. परक्या बाईचा हात कोण धरणार?

पुढच्या बाजाराला आईनं वडिलांना पोत्यासारखं घोड्यावर चढवलं आणि मलाही बरोबर घेतलं. ते मान खाली घालून बसले. वाटेत एकानं विचारलं, "लगीन कुठं हाय?"

"पुढच्याच गावात," आई म्हणाली. "नवरदेव लाजतोय."

व्यापाऱ्यानं उपरणं टाकून वडिलांचा हात धरला. घोडं परत घ्यायला त्याला वर पैसे हवे होते. त्यानं बोटं दाबली. वडिलांचा हात शिजलेल्या भेंडीसारखा पडून राहिला. त्यानं मागणी कमी केली. भेंडी तशीच.

"मालक, एक तरी बोट हलवा की!"

वडील जमिनीकडं बघत राहिले. ते पडलेत, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर आईनं माझ्या पायावर पाय दिला.

"लई पक्कं गिऱ्हाईक हाय," व्यापारी शेजारच्याला म्हणाला. "बरं, वर काय नको. घोडं द्या, बैल न्या."

वडील गप्प.

"घुंगरमाळा बी घ्या! पर काय तरी बोला!"

"झाला सौदा," म्हणत आईनंच वडिलांचा हात बाहेर ओढला.

घर जवळ आल्यावर वडील पडल्यापासून पहिल्यांदा बोलले, "घोडं झाक होतं."

"व्हय. चला."

पेरणी वेळेवर झाली. पेरणीपुरत्या आलेल्या मामानं बैल हाकले, आईनं चाड्यावर मूठ धरून बी सोडलं. त्यानंतर तिनं कायदाच केला. उठलेल्या वडिलांना बाजार बंद. काही विकायचं-घ्यायचं असलं की ते पडायची वाट बघायची.

रोज सकाळी बैल घुंगरमाळा वाजवत दारावरून शेताकडं निघायचे आणि आतून वडिलांचा आवाज यायचा, "अगं, ते घुंगरू काढ. डोकं उठतंय."

"न्हाय काढत," आई म्हणायची. "तुमीच मिळवलेत."