कल्पनाच्या मागे लागलेलं गाव

“सर, बठ्ठं गाव मना मांगे लागेल शे,” कल्पना म्हणाली. सगळं गाव माझ्या मागे लागलंय. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पुण्याहून मानसोपचाराची पदवी घेऊन धुळ्यात नवा दवाखाना टाकला होता. तोवर आलेले निम्मे पेशंट मला डोळ्यांचा डॉक्टर समजून चष्म्याचा नंबर विचारून गेले होते. ही पहिली पुस्तकातली केस!

लोक आपल्यावर टपून बसलेत, असा खोटा पण पक्का समज म्हणजे पॅरानॉइया. मुलगी शिंदखेड्याकडची, गावातली पहिली मेडिकलची विद्यार्थिनी. अॅनाटॉमीत नापास. झोप नाही, जेवण नाही. हॉस्टेलच्या खोलीला सतत आतून कडी. पुन्हा नापास झाली, तर घरचे परत नेऊन लग्न लावून देणार होते.

“लोक कुठे दिसतात?”

“गेटवर.”

“रोज?”

“बाजारच्या दिवशी जास्त.”

भ्रमाला बाजारचा वार कळतो, हे पुस्तकात नव्हतं. तरी मी गोळ्या लिहिल्या.

पुढच्या वेळी ती आलीच नाही. दार उघडत नाही म्हणून रेक्टरबाईंनी मला बोलावलं. गेटवर दहा-बारा जण ऐसपैस बसलेले. कुणाच्या हातात एक्स-रे, कुणाकडे लघवीची बाटली, एका अक्कांच्या पायाला पट्टी.

“कुणाकडे आलात?”

“आमनी डॉक्टरीनकडे!” एक नाना म्हणाले. “गावनी पोर शे. ती संगे ऱ्हायनी का सिव्हिलमा लाइन लागत नही. तुम्ही कोन?”

मी ‘डॉक्टर’ म्हटल्याबरोबर नानांनी जीभ बाहेर काढली.

गोळ्या चुकीच्या पेशंटला दिल्या होत्या. पण अख्ख्या गावाला पुरेल एवढा स्टॉक धुळ्यात नव्हता.

दार उघडायला लावून मी त्या गोळ्या बंद केल्या आणि तिच्या वडिलांना, आबांना, बोलावून घेतलं. “लोकांना सांगा, येऊ नका.”

“असं कसं सांगसू? गावनी तिनी मिरवणूक काढेल शे!”

“मग ती नापास होईल.”

“आनि गावले नही म्हनसू, तं गावमा राहसू कसा?”

कल्पना उठली, तोंड धुतलं आणि थेट गेटवर गेली. मागोमाग आम्ही.

“मी मेंटलना डॉक्टरकडे जास,” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. माझ्याकडे बोट केलं. “हेच ते डॉक्टर.”

नानांची जीभ आत गेली. बाटली पिशवीत गेली. पट्टीवाल्या अक्का सगळ्यांच्या पुढे घराकडे निघाल्या. मनोविकाराबद्दलचे गैरसमज दूर व्हावेत म्हणून मी शाळाशाळांतून भाषणं देत फिरायचो. त्या दिवशी गैरसमजाने माझ्यापेक्षा चांगली प्रॅक्टिस केली.

कल्पना झोपू लागली, जेवू लागली, पास झाली. आबा पेढे घेऊन आले.

“डॉक्टरसाहेब, पोर आते बरी व्हयनी. गावले सांगू ना?”

“थांबा आबा. अजून फायनल इयर व्हायचंय.”

निदानाची घाई एकदा नडली होती. ‘पेशंट बरी झाली’ हे जाहीर करायची घाई मी केली नाही. डिग्री हातात पडेपर्यंत कल्पना गावाच्या लेखी आजारीच राहिली.