आवाज करणारं मशीन

घरासाठी कॉफीचं मशीन घ्यायला गेलो होतो. आवाज कमी हवा, एवढीच माझी अट होती. शेजारी उभे असलेले सत्तरीचे गृहस्थ दुकानदाराला म्हणाले, "वेळ लावली की सकाळी आपोआप सुरू होणारं दाखवा. जरा आवाज करणारं."

"काका, सगळे उलटं मागतात," दुकानदार म्हणाला.

ते ओशाळले. "बायको रोज कपात साखर-कॉफी फेटायची. त्या चमच्याच्या टकटकीनं जाग यायची, मी चिडायचो. आता सकाळी घरात काहीच वाजत नाही."

आवाज बंद पडेपर्यंत तो कुणाचा होता, हे आपल्या लक्षातच येत नाही बहुधा.

मशीन न घेताच घरी येऊन बसलो. आत बायकोनं मिक्सर लावला होता. सवयीनं स्वयंपाकघराचं दार लोटायला उठलो, आणि तसाच परत बसलो.