आजोबांच्या कानाची खाच

आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. काळा कोट, पांढऱ्या मिशा, आणि कॅमेऱ्याकडे जरा घाबरून बघणारे डोळे. माझ्या जन्माआधीच ते गेले. नवेगावच्या तलावात त्यांनी जन्मभर मासे धरले, एवढंच मला कोणी कोणी सांगितलेलं. बाकीचे आजोबा मी त्या फोटोवरून स्वतःच तयार केले होते. चित्रकलेच्या कॉलेजला जायचं म्हटल्यावर घरात बरीच कुरकुर झाली, तेव्हा मी त्या फोटोपुढे उभी राहिले होते. आमच्यातलं कोणीच त्याआधी कॉलेजात गेलं नव्हतं. मला वाटलं, हे असते तर माझ्या बाजूने बोलले असते. त्यांचेही डोळे माझ्यासारखेच भित्रे होते.

दिवाळीच्या सुट्टीसाठी सरांनी काम दिलं. घरातल्या तीन पिढ्यांचे चेहरे काढा, आणि काय काय जुळतं ते शोधा. वर्गातल्या मुलींनी लगेच मोबाइलमध्ये पणजीचे, आजी-आजोबांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, आपल्याकडेही एक आहे.

घरी धानाची कापणी चालली होती. बाबा दुपारी जेवायला यायचे, तेव्हा मी त्यांना अंगणातल्या खाटेवर बसवायची. घरातल्या भिंतीवरून आजोबांचा फोटो काढून आणून शेजारी टेकवून ठेवायची. पेन्सिल डोळ्यापुढे धरून कपाळाची रुंदी मोजायची, नाकाची लांबी मोजायची. सगळं जुळत होतं. इतकं जुळत होतं की मी पुन्हा पुन्हा मोजत राहिले. आणि तिसऱ्या दिवशी मला कान सापडला. बाबांच्या डाव्या कानाला खालच्या बाजूला एक बारीक खाच आहे. फोटोतही तशीच, तिथेच.

"बाबा, तुह्या कानाले खाच आहे, तशीच आज्याच्या बी कानाले आहे. पाह्यलं होतं का तू?"

बाबांनी फोटोकडे बघितलं नाही. "हो," ते म्हणाले. "खानदानी आहे थे."

मी आरसा घेऊन माझा कान बघितला. काही नव्हतं. तरी माझं चित्र काढताना त्या जागी मी पेन्सिल थोडी दाबली. अगदी थोडीशी. कोणाला कळणार नाही, पण दिसेल, इतकी.

भाऊबीजेला आत्या आली. बाबांची मोठी बहीण. मी तिन्ही चित्रं खाटेवर मांडून ठेवली होती. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि वाकून बघितलं.

"काय वं, एकाच मानसाले दोनदा कायले काडलं?"

"हे बाबा. अन् हा आजा होय, आत्या."

"हा कायचा आजा? आज्याचे कान सुपावानी होते. हा कान तं म्याच फाडला." ती हसायला लागली. "लहान होतो आमी. तलावावर गरी टाकून रायली होती मी, अन् हा मांगं येऊन उभा रायला. मासा नाई लागला, भाऊच लागला."

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. "तुले सांगतलं नाई का कोनी?"

बाबा उंबऱ्यात उभे होते. त्यांनीच सांगितलं, पण माझ्याकडे न बघता. आजोबांनी कधी फोटो काढूच दिला नव्हता. ते गेले तेव्हा तेरवीला पाटावर ठेवायला फोटो हवा होता. बाबा अर्जुनीच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला म्हणाला, "घर में किसी का चेहरा मिलता है क्या?" बाबांचा जुळत होता, असं सगळे म्हणायचे. त्याने बाबांनाच कोट घालून स्टुलावर बसवलं. नंतर फोटोवर ब्रशने केस पांढरे केले, मिशा पांढऱ्या केल्या, कपाळावर आठ्या ओढल्या. तेव्हा बाबा बावीस वर्षांचे होते.

म्हणजे ते घाबरलेले डोळे बाबांचे होते. बाप जाऊन आठ दिवस झालेल्या पोराचे.

"म्हणून तं मी हार घालत नाई त्या फोटोले," आई चुलीपासून म्हणाली. "जित्या नवऱ्याले हार कायले घालू?"

आत्या पुन्हा हसली. मला आठवलं, पित्रांच्या दिवशी हार नेहमी बाबाच घालायचे आणि आई लांब उभी राहायची. सून सासऱ्याचा मान राखते, असं मी समजत होते. सगळ्यांना माहीत होतं. कदाचित गावालाही. एकटी मीच पेन्सिल धरून मोजत बसले होते.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इतकी हरखून काडून रायली होती," बाबा म्हणाले. "कसं सांगू?"

"मंग खानदानी काऊन म्हणलं?"

ते हात धुवायला निघून गेले. हात आधीच धुतलेले होते.

आजोबांना नव्याने काढायला आता त्यांचा चेहराच नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या कानावरची खाच खोडली. कागद तिथे फुगला, मळका झाला.

कॉलेजात सरांनी तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. "आजोबा आणि वडील यांच्यातलं साम्य विलक्षण आहे," ते वर्गाला म्हणाले. "कान बघा." मग माझ्या चित्राजवळ थांबले. "इथे काय खोडलंस?"

"तिथं खोटं काढलं होतं, सर."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलीकडे गेले. बाकीच्या दोन चित्रांबद्दल सांगायला माझ्याकडे तेवढाच वेळ होता. तो मी चित्रांच्या टाचण्या नीट करण्यात घालवला.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "सरनं काय म्हणलं?"

"चांगलं आहे म्हणले."

"कानाचं सांगतलं का?"

"नाई."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. मग म्हणाले, "फोटो पुन्हा लावला भिंतीवर. त्याच जागी. हार बी घातला."

हार कोणी घातला, हे मी विचारलं नाही.