आर्लोंचा तेल पाजलेला पट्टा

तव्यावर पॅनकेक होता, मुलं मेपलच्या पाकावरून भांडत होती, आणि दारावर थाप पडली. शेजारच्या मर्नाचे यजमान, आर्लो थोरसन. गाई विकून टाकल्या, पण गाईंच्या वेळेला उठायची खोड गेलेली नाही. झाडावरच्या मचाणावरून पडू नये म्हणून अंगात घालायचा पट्टा त्यांनी तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता.

"जरासं उसवलंय. तुझ्या मशीनवर दोन टाके घाल. शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय, आणि मर्ना म्हणते, हा पट्टा घालून झाडावर चढलात तर ट्रकची किल्ली विहिरीत टाकीन."

"विहीर तर तुम्ही बुजवलीत."

"तेच म्हणालो. तर म्हणाली, मग तळ्यात."

मी पट्टा खिडकीशी नेला. उन्हाने रंग उडालेला, खांद्यापाशी उंदरांनी कुरतडलेला, आणि सगळ्याला एक विचित्र वास.

"याला काय लावलंत?"

"खोगिराचं तेल. दर वर्षी, न चुकता. बाबा घोड्यांच्या सामानाला लावायचे."

"अहो, ते कातडं होतं. हा नायलॉन. तुम्ही उंदरांना फोडणी घालून वाढलंत."

"इतकी वर्षं तुटला का?"

"इतकी वर्षं तुम्ही पडलात कुठे?"

मी नखाने एक टाका ओढला. दोरा सरसर निघून आला. आर्लो त्या दोऱ्याकडे बघत राहिले. पॅनकेक करपला.

"हा शिवायचा नसतो, टाकायचा असतो," मी म्हटलं. "मर्नाने नाताळला नवा दिलाय ना?"

"ट्रकमध्ये आहे, खोक्यात. पायातल्या पट्ट्या कुठे जातात ते कळत नाही. तिला विचारलं तर वर्षभर हसेल."

तो मी आणायला लावला आणि स्वयंपाकघरातच अंगात घालायला लावला. पहिल्यांदा हाताच्या जागी पाय गेला. मुलं पाक विसरली. मग एकेक खटका लागला, मी प्रत्येक ओढून पाहिला.

"झाडाला बांधायचा पट्टाही बदला. जुना वर्षभर तिथेच असतो."

"तो झाडाने गिळला. बुंधा जाड झाला ना."

"मग झाडालाच राहू दे."

तेलकट पट्टा कापूनच टाकायला हवा होता, नाहीतर शनिवारी तो परत यांच्या अंगावर दिसला असता. मी कोंबडी कापायची कात्री पुढे केली. त्यांनी घेतली, उघडली, मिटली.

"तूच काप."

मी कापला. त्यांनी तुकडे कोटाच्या खिशात कोंबले आणि दाराशी जाऊन थांबले.

"मर्नाने विचारलं तर सांग, मी आपणहून कापला."