मावशींची खाट कुठल्या जिल्ह्यात

बाजाराच्या तोंडाशी बसून किल्ल्या बनवणाऱ्या बाईंना सगळे किल्लीमावशी म्हणत. नवरा गेल्यावर त्याचं छोटं यंत्र त्यांनी चालवायला घेतलं आणि त्यांचा हात असा बसला की अर्धं गाव त्यांच्याच किल्लीने दार उघडायचं. तोंडाने फटकळ, पण कुणी घराबाहेर अडकलं की जेवत्या ताटावरून उठून निघायच्या.

छातीत गाठ लागली, ती त्यांनी लपवली. सून एकदा त्यांचं ब्लाऊज उसवून सैल करत होती, तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले आणि सासूला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

गावच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची खोली होती, छताला मोठा गोल दिवा होता, फक्त सर्जन नव्हता. खोलीत रिकामी खोकी ठेवली होती. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय. तेवढी गाठ काढली की काम होईल."

"मग काढा."

"मी त्वचेचा डॉक्टर आहे, मावशी."

मुलगा घरं रंगवायचा. त्याने खासगी रुग्णालयात फोन केला, आणि खर्चाचा आकडा ऐकून, चुकून दुसरीकडे लागला असेल म्हणून परत लावला. शेजारच्या जिल्ह्यात मोठं सरकारी रुग्णालय होतं. तिथे हीच शस्त्रक्रिया फुकट होती, पण त्याच जिल्ह्याच्या गरिबांना.

आता गंमत अशी, की जिल्ह्याची हद्द मावशींच्या घरातूनच जात होती. पूर्वी तिथे ओढा होता. तो बुजवून लोकांनी घरं बांधली, पण नकाशातून ओढा काही हलला नाही. त्यामुळे मावशींचं स्वयंपाकघर त्या जिल्ह्यात आणि बाकीचं घर या जिल्ह्यात. पाण्याचं बिल तिकडून यायचं, विजेचं इकडून.

मुलाने हे त्या सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवरच्या बाईंना सांगितलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत. "माणूस झोपतो तिथला रहिवासी," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक कुठे करता याच्याशी आम्हाला घेणंदेणं नाही."

दुसऱ्या दिवशी खाट स्वयंपाकघरात गेली आणि गॅस बाहेरच्या खोलीत आला. पण स्वयंपाकघर होतं बोळासारखं. खाटेचं एक टोक दारातून बाहेर राहिलं.

तपासनीस टेप आणि नकाशा घेऊन भरदुपारी आला. "झोपून दाखवा," म्हणाला.

मावशी आडव्या झाल्या. त्याने उंबऱ्यापाशी बसून मापं घेतली. "पाय बाहेर आहेत तुमचे."

"पायांना काही झालेलं नाही," मावशी म्हणाल्या.

तो विचारात पडला. त्याने साहेबांना फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, तशी त्याने मावशींकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली घेत म्हणाला, "छातीत आहे, साहेब. छाती आपल्याकडेच येते."

पत्ता मंजूर झाला. मग उत्पन्न अडलं. यंत्र चालवते ती कारखानदार, आणि कारखानदाराला फुकट उपचार नाहीत. मांडीवर मावेल एवढं ते यंत्र. मावशींनी ते समोरच्या कंडक्टरकाकांकडे ठेवायला दिलं आणि कानशीने किल्ल्या घासायला बसल्या. हाताने काम करणारी कारागीर, म्हणून पुन्हा चौकशी झाली. ती फाइल फिरत राहिली, गाठ वाढत राहिली. कानस चालवताना खांदा भरून यायचा, तेव्हा मावशी थोडा वेळ नुसत्याच बसून राहायच्या. सून पाठीमागे उभी राहून खांदा दाबायची.

शेवटी तारीख मिळाली. सर्जनबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "इतके महिने काय करत होता?"

"पत्ता बदलत होते," मावशी म्हणाल्या.

आता नुसती गाठ काढून भागणार नव्हतं. सगळा स्तन काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर मावशी मुलाला म्हणाल्या, "मी घाबरले होते. सुनेला सांगू नकोस." सून तिथेच पायाशी बसली होती. तिने न ऐकल्यासारखं केलं.

मावशी वाचल्या. हात वर जायला फार दिवस लागले, म्हणून यंत्र परत आल्यावर ते सूनच चालवू लागली आणि मावशी शेजारी बसून तिच्या चुका काढू लागल्या.

त्याच वर्षी कंडक्टरकाकांच्या गालात न भरणारी जखम निघाली. त्यांचं घर रस्त्यापलीकडे, पूर्ण चुकीच्या जिल्ह्यात. एका संध्याकाळी ते वळकटी काखेत मारून दारात उभे राहिले.

"स्वयंपाकघरात जागा आहे का, मावशी?"

"घोरता?"

"लोक म्हणतात."

मावशींनी खाट बाहेर घेतली आणि त्यांना आत जमिनीवर जागा करून दिली. पुन्हा तोच तपासनीस आला. "हे तुमचे कोण?"

"भाडेकरू."

काका ठेंगणे होते, पायांसकट आत मावले. पेन्शन तुटपुंजी, त्यामुळे उत्पन्नही अडलं नाही. त्यांची तारीख चटकन लागली. बोलणं जरा बोबडं झालं, पण गाल शाबूत राहिला.

ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? सध्या स्वयंपाकघरात कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आणि त्यांचे दीर असतात. सुनेला पाणी भरायला नळापर्यंत त्यांना ओलांडून जावं लागतं. ती कुरकुरते, आणि चहा टाकताना त्यांचाही टाकते.